मिनिएचर पेंटिंग कॉम्पिटिशन: एकाच कपाटात दोन घराणी

आधी हे सांगून टाकतो की इथे मिनिएचर म्हणजे राजपूत किंवा मुघल लघुचित्रं नाहीत, तर धातूची, रेझिनची नाहीतर प्लास्टिकची बोटाएवढी आकृती, हाताने रंगवलेली. अशी कॉम्पिटिशन नुसती बघायला गेलं ना तर पहिला गोंधळ होतो मेडल्सचा. एका शोमध्ये प्रत्येक गटात तीनच नंबर आणि दुसऱ्या शोमध्ये एकाच गटात कितीतरी गोल्ड! मला आधी वाटायचं दुसरीकडचे परीक्षक सढळ हाताचे असतील, पण तसं नाहीये, ही दोन वेगळी घराणी आहेत.

जुनं घराणं सैनिकांचं. 18व्या शतकात न्यूरेंबर्गला हिल्पर्ट कुटुंब कथलाचे चपटे सैनिक ओतायचं. चपट्या आकृतीला उठाव जवळपास नसतोच, म्हणजे गालाची गोलाई, कोटाच्या चुण्या, सगळं रंगानेच दाखवायचं. पुढे 1893 मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटनच्या कंपनीने आतून पोकळ असे शिशाचे सैनिक काढले, शिसं कमी लागायचं म्हणून स्वस्त पडायचे, आणि त्यांचं 54 मिलिमीटर हे माप आजही चालतं. मुलांची ती खेळणी मोठी माणसं जमवायला लागली, 1935 मध्ये ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी निघाली. या मंडळींचा जीव युनिफॉर्मच्या अचूकपणात, कॉलरचा रंग चुकला तरी त्यांना खटकतं. ओपन सिस्टीम याच घराण्यात जास्त दिसते, शिकागोचा शो तर त्यासाठीच ओळखला जातो. तिथे तुमचं काम शेजाऱ्याच्या कामाशी नाही तर ठरलेल्या दर्जाशी ताडतात, दर्जा गाठला की गोल्ड, मग ते कितीही जणांना मिळो.

दुसरं घराणं गेमवाल्यांचं, म्हणजे अशा आकृत्या टेबलावर मांडून लढाईचे खेळ खेळणाऱ्यांचं. असे खेळ आणि आकृत्या बनवणारी ब्रिटिश कंपनी गेम्स वर्कशॉप 1975 मध्ये सुरू झाली, त्यांची गोल्डन डेमन स्पर्धा 1987 पासून. इथे थेट चढाओढ, गटात एकच पहिला आणि त्या पहिल्यांमधून एकाला स्लेयर स्वोर्ड, चांगली मोठी तलवार! गेमची आकृती साधारण 28 मिलिमीटरची असते आणि खेळताना टेबलावर लांबून बघायची असते, एवढ्याशा नाकाची सावली खऱ्या उजेडात दिसतच नाही, म्हणून सावली गडद आणि उजेड पांढराफटक रंगवायची सवय इथे मुरली. नवख्याला ते भडक वाटतं पण त्याला कारण आहे.

आणि मला सगळ्यात आवडतं ते एनएमएम, म्हणजे नॉन मेटॅलिक मेटल. तलवार चकाकते पण चंदेरी रंगाचा थेंबही नसतो, नुसता राखाडी, निळा, पांढरा, सोन्यासाठी पिवळ्या मातीचा रंग आणि तपकिरी. शोमधल्या काचेच्या कपाटासमोर उभं राहून डोकं हळूच डावीउजवीकडे हलवून बघा, धातूचा रंग असेल तर चमक तुमच्याबरोबर सरकते, एनएमएम असेल तर ती रंगवणाऱ्याने ठेवली तिथेच राहते. चपटा सैनिक रंगवणाराही उजेड असाच एका जागी बसवायचा, मला तरी हे त्याच्याच कुळातलं वाटतं. म्हणूनच एनएमएम एका कोनातून जबरदस्त आणि बाजूने थोडं फसल्यासारखं दिसू शकतं, तेव्हा फोटोवर जाऊ नका, काचेभोवती फिरता येत असेल तर फिराच.