सदृशरूप इंग्रजी शब्द

लेखनात किंवा उच्चारात एकमेकांच्या अगदी जवळ असलेल्या, परंतु अर्थाने भिन्न असलेल्या इंग्रजी शब्दांना ही संज्ञा लावता येते. मराठीत 'दिन' आणि 'दीन' यांसारख्या जोड्या आहेत, पण त्या बव्हंशी ऱ्हस्वदीर्घाच्या भेदावर उभ्या आहेत. इंग्रजीतील जोड्या संख्येने पुष्कळ अधिक असून त्यांची कारणेही अनेक आहेत. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर मूळच्या जर्मानिक शब्दसंग्रहात फ्रेंच शब्दांची आणि नंतर लॅटिन-ग्रीक शब्दांची भर पडत गेली. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केल्यानंतर शब्दांचे लेखन हळूहळू स्थिरावू लागले. मात्र दीर्घ स्वरांचे उच्चार त्याच सुमारास आणि पुढेही दोन-तीन शतके बदलत राहिल्याने लेखन आणि उच्चार यांची फारकत झाली.

कोकण किनाऱ्यावरील मराठी वाचकाला हे शब्द बंदर, किल्ले, बागायत, मासळीबाजार, रेल्वे आणि सरकारी अधिसूचना यांतून भेटतात. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे म्हणून त्याच परिसरातील घेतली आहेत.

काही जोड्या एकाच मुळातून फुटलेल्या असतात. 'इरोजन' आणि 'करोजन' ही किनाऱ्यावर दररोज लागू पडणारी जोडी आहे. कुरतडणे या अर्थाच्या 'रोडेरे' या लॅटिन धातूपासून दोन्ही शब्द आले आहेत. उंदीर-घुशींच्या वर्गाला 'रोडन्ट' म्हणतात तेही यामुळेच. लाटांच्या माऱ्याने पुळणीची वाळू वाहून जाते, सुरूची झाडे मुळांसकट उघडी पडतात, ती 'इरोजन', म्हणजे धूप; खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज आणि होडीच्या इंजिनाचे लोखंड खाल्ले जाते ते 'करोजन', म्हणजे गंजणे. पहिलीत पदार्थ एका जागेवरून दुसरीकडे जातो, तर दुसरीत रासायनिक क्रियेने पदार्थच बदलतो. पहिलीला उपाय धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा, दुसरीला जस्ताच्या लेपाचा किंवा रंगाचा, त्यामुळे इंग्रजी अर्जात एका शब्दाऐवजी दुसरा पडल्यास मागणीच बदलते.

'मसल' या एकाच उच्चाराचे दोन शब्दही असेच. एकाचा अर्थ स्नायू, दुसऱ्याचा खडकाला चिकटून राहणारा काळपट कवचाचा शिंपला. दोन्हींचे मूळ 'लहान उंदीर' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. स्नायूच्या लेखनात 'सी' येतो, शिंपल्याच्या लेखनात 'एस' दोनदा. खानावळीच्या इंग्रजी पत्रकात ही अक्षरे बदलली तर ग्राहकासमोर भलताच पदार्थ मांडला जातो.

दुसऱ्या प्रकारच्या जोड्यांत मुळे वेगळी असतात आणि रूपे योगायोगाने जवळ आलेली असतात. 'मँग्रोव्ह' हा शब्द 'मँगो' आणि वनराई या अर्थाचा 'ग्रोव्ह' यांचा समास आहे, अशी समजूत सहज होते. प्रत्यक्षात 'मँगो' हा दक्षिण भारतीय भाषांतून पोर्तुगीजमार्गे इंग्रजीत गेला, तर 'मँग्रोव्ह' पोर्तुगीज किंवा स्पॅनिशमार्गे, बहुधा अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आला. त्याच्या अंत्य भागाला मात्र 'ग्रोव्ह' या परिचित शब्दाचे वळण इंग्रजांनी लावले. म्हणून 'मँग्रोव्ह' म्हणजे खाडीच्या चिखलात श्वसनमुळे वर काढून उभी असलेली तिवरे, कांदळ इत्यादींची खारफुटी आणि 'मँगो ग्रोव्ह' म्हणजे आमराई. मध्ये एक 'ओ', एक 'जी' आणि थोडी मोकळी जागा एवढाच फरक असला, तरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत खारफुटीला जे संरक्षण आहे ते कलमांच्या बागेला नाही.

जांभा दगडाचे इंग्रजी नाव 'लॅटराइट' याला 'लॅटरल' या शब्दाशी जोडण्याचा मोह होतो. 'लॅटरल' हे विशेषण बाजू या अर्थाच्या 'लॅटुस' पासून आले आहे. 'लॅटराइट' हे नाव फ्रान्सिस ब्यूकॅनन याने १८०७ मध्ये केरळातील दगड पाहून विटेच्या 'लॅटर' या लॅटिन नावावरून दिले. खाणीत मऊ असल्याने त्याचे चिरे सहज कापता येतात आणि हवा लागली की ते कठीण होतात, हा गुण रत्नागिरीच्या चिरेखाणीतही तसाच दिसतो. 'कोप्रा' म्हणजे सुके खोबरे आणि 'कोब्रा' म्हणजे नाग, यांचा प्रवास मात्र काही अंतर एकत्र झाला आहे. दोन्ही शब्द पोर्तुगिजांनी इंग्रजीच्या हाती दिले. पहिला मलबार किनाऱ्यावरचा, दुसरा लॅटिनचा वारस.

देवनागरीत लिहिताना एक निराळी अडचण येते, ती इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना येत नाही. मुरूड-जंजिऱ्यावरील कलालबांगडी तोफ ही 'कॅनन' आहे आणि धर्मसंस्थेचा नियम किंवा प्रमाणभूत ग्रंथांचा संच हाही 'कॅनन'. इंग्रजीत तोफेला मधोमध दोन 'एन' आहेत, नियमाला एक. मराठी लेखनात हा भेद पुसला जातो. 'प्रिन्सिपल' मुख्याध्यापक की तत्त्व, हेही असेच वाक्यावरून ठरवावे लागते. 'स्टेशनरी'चा स्थिर हा अर्थ मराठीत फारसा आलेला नाही, बाजारपेठेतील पाट्यांवरचा वह्या-पेनांचा अर्थ तेवढा रुजला. फिरत्या विक्रेत्यांच्या उलट एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्रेता तो 'स्टेशनर', म्हणून मुळात दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. मराठीने काही ठिकाणी क्रियापदाच्या आधाराने हा गोंधळ मुळीच होऊ दिलेला नाही : गाडीला ब्रेक लावतात आणि कामातून ब्रेक घेतात. 'करंट' म्हटले की मराठीत विजेचा झटका आठवतो. इंग्रजीत 'ई' असलेला करंट म्हणजे प्रवाह आणि 'ए' असलेला म्हणजे बारीक मनुका, जिचे नाव ग्रीसमधील कॉरिंथ शहरावरून पडले. करवंदाला इंग्रजीत 'बेंगॉल करंट' म्हणतात तो हा दुसरा.

प्रत्ययभेदाने होणाऱ्या जोड्यांना व्याकरणपुस्तकांत वाजवीपेक्षा अधिक जागा मिळते. 'हिस्टॉरिक' म्हणजे इतिहासात महत्त्वाचा ठरलेला, 'हिस्टॉरिकल' म्हणजे इतिहासाशी संबंधित. १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू होणे ही पहिल्या प्रकारची घटना, त्याविषयीचा कागद दुसऱ्या प्रकारचा. सरीवर सरी पडणारा पाऊस 'कंटिन्युअल', संततधार 'कंटिन्युअस', असा नियम सांगितला जातो, पण इंग्रजीभाषक स्वतः तो नेहमी पाळत नाहीत.

शास्त्रीय परिभाषेत भेद अधिक काटेकोर असावा अशी अपेक्षा असते, तरी तेथेही सीमारेषा पुसट होते. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे येथील सड्यांवरील, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारांवरील, कातळशिल्पांना इंग्रजीत कोणी 'पेट्रोग्लिफ' म्हणतात, कोणी 'जिओग्लिफ'. 'ग्लिफ' म्हणजे कोरीव आकृती. 'पेट्रो' खडकाचा, 'जिओ' भूमीचा. पेरूतील नाझ्का येथे दगड बाजूला करून जमिनीवर काढलेल्या प्रचंड आकृती 'जिओग्लिफ' होत, तर खडकाच्या पृष्ठभागावर खोदलेले चित्र 'पेट्रोग्लिफ'. कोकणातील आकृती जांभ्यात कोरलेल्या आहेत, शिवाय हा जांभा म्हणजे तेथील सपाट भूमीच आहे, आणि त्यांपैकी काही आकृती अनेक मीटर लांबीच्या आहेत. युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत २०२२ मध्ये ही स्थळे 'जिओग्लिफ' या नावाने नोंदली गेली. कोरण्याची पद्धत सांगायची असेल तेथे 'पेट्रोग्लिफ' हा शब्द चुकीचा ठरत नाही.