पर्यटक वाढले म्हणजे शहराचं नाव सुधारलं?

पर्यटनाची प्रसिद्धी म्हणजे काय, हे सांगायला नको. घोषवाक्य, लोगो, विमानतळावरचे फलक, हॉटेलांची पॅकेजं. बदनाम शहराची प्रतिमा बदलणं हे वेगळं काम आहे, पण बैठकीत दोन्ही एकाच फायलीत जातात. एकाला महिने पुरतात, दुसऱ्याला दशक लागतं, वगैरे फरक सगळ्यांना कळतात. घोळ होतो तो मोजमापात. ‘पर्यटक वाढले, म्हणजे प्रतिमा सुधारली’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक सादरीकरणात असतं, आणि ते चूक आहे.

कोलंबियातलं मेडेलिन घ्या. 1991 मध्ये तिथे दर लाख लोकसंख्येमागे साधारण 380 खून होत होते. 2015 पर्यंत हा आकडा 20 च्या आसपास आला. मधल्या काळात 2004 मध्ये डोंगरउतारावरच्या सांतो दोमिंगो वस्तीपर्यंत मेट्रोला जोडलेली केबल कार गेली, 2011 मध्ये कोमुना 13 या डोंगरउतारावरच्याच वस्तीत सरकते जिने बसले. दोन्ही सोयी बांधल्या त्या रोज चढउतार करणाऱ्या रहिवाशांसाठी; पर्यटक मागाहून आले. (खून कमी होण्यात टोळ्यांमधल्या समझोत्यांचाही वाटा होता. ‘केबल कार बांधली आणि शहर सुधारलं’ ही गोष्ट सांगणारे तेवढं सोयीस्करपणे गाळतात.)

पर्यटक आले खरे, पण त्यातले बरेच इथल्या कुख्यात कोकेन-तस्कर पाब्लो एस्कोबारच्या नावाने आले. त्याचं घर, त्याची कबर, त्याच्या चेहऱ्याचे टी-शर्ट. हॉटेलवाल्याच्या वहीत भित्तिचित्रं बघायला आलेला पाहुणा आणि एस्कोबारची कबर बघायला आलेला पाहुणा सारखाच दिसतो. शहराच्या नावासाठी मात्र पहिला जमेच्या बाजूला आणि दुसरा खर्चाच्या. तो परत जाऊन सांगणार काय, तर तेच जुनं. शेवटी फेब्रुवारी 2019 मध्ये नगर प्रशासनाने एस्कोबारची मोनाको इमारत सुरुंग लावून पाडली आणि त्या जागी बळींच्या स्मरणार्थ बाग केली. निव्वळ पर्यटकसंख्येच्या हिशेबाने हे चालतं आकर्षण पाडणं झालं. प्रतिमेच्या हिशेबाने रास्त.

उलटंही होतं. 1977 च्या ‘आय लव्ह न्यूयॉर्क’ मोहिमेतल्या लाल हृदयाने शहर वाचवलं, हे ऐकून कान किटलेत. मुळात ती मोहीम शहराची नव्हे, न्यूयॉर्क राज्याची होती, आणि शहरातले खून त्यानंतरही चढत जाऊन 1990 मध्ये 2,200 च्या वर पोचले. लोगो गाजला, धास्ती तिथेच राहिली.

प्रसिद्धीच्या मजकुरातही हीच गफलत दिसते. अनोळखी शहराबद्दल माणूस विचारतो, ‘तिथे का जावं?’ त्याला किल्ला, तलाव, खाऊगल्ली दाखवा, पुरे. बदनाम शहराबद्दलचा प्रश्न असतो, ‘जाऊन काही झालं तर?’ त्याला तलाव हे उत्तर नाही. आणि ‘आमचं शहर सुरक्षित आहे’ हे तर अजिबात नाही. दुधवाल्याने आपणहून ‘पाणी घालत नाही हो’ म्हटलं की गिऱ्हाईक आधी पातेल्यात बघतं. त्यापेक्षा रात्रीची शेवटची गाडी किती वाजता, स्टेशनाबाहेर टॅक्सी कुठे मिळते, ती कितीला पडते, एवढं छापा. भीती तपशिलाने उतरते.

मोजायचं असेल तर मोहिमेआधी एकच मोकळा प्रश्न विचारा: ‘या शहराचं नाव ऐकल्यावर पहिलं काय आठवतं?’ पर्याय देऊ नका. दिलेत की लोक शिष्टाचार म्हणून चांगलाच निवडतात. वर्षाने तोच प्रश्न, त्याच शब्दांत. आणि कृपा करून हा फॉर्म हॉटेलच्या लॉबीत भरून घेऊ नका. तिथे बसलेला माणूस घाबरला नाही म्हणूनच आलाय. विचारायचं ते तिकीट न काढलेल्यांना.