शेळ्या-मेंढ्यांमधील एंटरोव्हायरस: उशिरा लक्षात आलेल्या संसर्गाची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात करडे-कोकरे हगवू लागली की मेंढपाळाचा पहिला संशय आंत्रविषारावर (आतड्यात जिवाणूंचे विष वाढल्याने होणारा आजार) जातो, मग जंतांवर, आणि ताप येऊन नाकातोंडातून स्राव वाहत असेल तर पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथीच्या आजारावर. हा क्रम पिढ्यांच्या अनुभवातून आलेला आहे आणि बहुतेक वेळा तो बरोबरही ठरतो. मात्र लस टोचलेल्या आणि जंतनाशक पाजलेल्या कळपातही हगवण आटोक्यात येत नाही, तेव्हा विचारात घ्यायच्या कारणांमध्ये एंटरोव्हायरस या आतड्यात वाढणाऱ्या विषाणूगटाचाही समावेश करावा लागतो. गाय, डुक्कर आणि माणूस यांच्या बाबतीत हा गट अनेक दशकांपासून परिचित आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या संदर्भात मात्र त्याच्याकडे गांभीर्याने पाहिले गेले ते अलीकडेच, आणि या उशिराचे कारण त्याच्या इतिहासातच आहे.

एंटरोव्हायरस हे पिकोर्नाव्हायरस कुळातील विषाणू आहेत. लाळ्या-खुरकताचा विषाणूही याच कुळातला. तो सूक्ष्म गाळणीतून पार होतो, हे लोफ्लर आणि फ्रॉश यांनी १८९८ मध्ये दाखवले आणि जनावरांमधील विषाणूंच्या अभ्यासाची सुरुवात झाली. एंटरोव्हायरसची ओळख पटली ती पोलिओमुळे. लँडस्टायनर आणि पॉपर यांनी १९०८ मध्ये पोलिओचा आजार माकडांमध्ये संक्रमित करून त्यामागे विषाणू असल्याचे सिद्ध केले. पुढे १९४९ मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी हा विषाणू मज्जासंस्थेबाहेरच्या पेशींमध्ये प्रयोगशाळेत वाढवला. त्यानंतर विष्ठेच्या नमुन्यांमधून नवनवे विषाणू सापडू लागले, परंतु त्यांतले कितीतरी निरोगी मुलांमध्येही आढळत असल्यामुळे कोणत्याही आजाराशी त्यांचा संबंध जोडता येईना.

जनावरांच्या बाबतीतही हेच घडले. अमेरिकेत १९५७ च्या सुमारास गायींच्या शेणातून असे विषाणू वेगळे करण्यात आले, आणि दिसायला धडधाकट असलेल्या दुभत्या गायीही ते शेणावाटे बाहेर टाकतात, असे लक्षात आले. त्यामुळे हे विषाणू आतड्यातले निरुपद्रवी रहिवासी आहेत, हा समज पशुवैद्यकात रुजला. माझ्या मते शेळ्या-मेंढ्यांकडे दुर्लक्ष होण्याचे मूळ याच समजात आहे, कारण ज्याच्यापासून अपाय होत नाही असे एकदा ठरले, त्याचा शोध घेण्यावर कोणी खर्च करत नाही.

वास्तविक सावध होण्याजोगी घटना १९६६ मध्येच घडली होती. इटलीतील डुकरांमध्ये तोंडावर आणि खुरांवर फोड आणणारा, लाळ्या-खुरकतापासून सहज वेगळा न ओळखता येणारा आजार दिसला. त्याचा विषाणू हा माणसातील कॉक्सॅकी बी-५ या एंटरोव्हायरसचा जवळचा नातलग असल्याचे पुढे स्पष्ट झाले. म्हणजेच हे विषाणू एका प्राण्यापुरते मर्यादित राहत नाहीत आणि नव्या प्राण्यात गेल्यावर त्यांचे वर्तन बदलू शकते.

मेंढ्यांबाबतचा महत्त्वाचा पुरावा हंगेरीतून आला. तेथे २००९ मध्ये घेतलेल्या मेंढ्यांच्या लेंड्यांच्या नमुन्यात एक एंटरोव्हायरस सापडला आणि त्याच्या जनुकीय रचनेचे वर्णन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या जनुकीय साखळीतला प्रथिने घडवणारा भाग डुकरांतील विषाणूंशी जुळणारा होता, तर साखळीच्या सुरुवातीचा भाग गायींतील विषाणूंशी. दोन वेगवेगळ्या विषाणूंनी कधीतरी एकाच प्राण्याच्या पेशीत शिरून आपले अंश अदलाबदल केल्याशिवाय अशी रचना तयार होत नाही. त्यानंतर चीनमधील जिलिन प्रांतात तीव्र हगवणीने आजारी पडलेल्या शेळ्यांमधून एक नवा एंटरोव्हायरस वेगळा करण्यात आला आणि त्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निरुपद्रवीपणाचा जुना समज शेळ्यांच्या बाबतीत या अहवालाने खऱ्या अर्थाने डळमळीत केला.

या विषाणूच्या प्रसाराचे गमक त्याच्या रचनेत आहे. त्याला चरबीयुक्त आवरण नसते, त्यामुळे साबण किंवा साधे अल्कोहोल त्याच्यावर फारसे प्रभावी ठरत नाही. पोटातील आम्लातून तो सुरक्षित पार होतो आणि ओलसर जागी, विशेषतः पाण्यात, बराच काळ टिकतो. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गायींमधील एंटरोव्हायरस त्याच कुरणात चरणाऱ्या हरणांमध्ये, जनावरांच्या पाण्याच्या टाक्यांमध्ये आणि कुरणातून नदीला मिळणाऱ्या ओढ्यांमध्येही आढळला होता.

ही साखळी कोल्हापूरच्या पशुपालनाशी ताडून पाहिली पाहिजे. येथे रिकाम्या रानात खतासाठी मेंढरे बसवण्याची प्रथा जुनी आहे. लेंडीखतासाठी शेतकरी धनगरांचे कळप आवर्जून बोलावतात, आणि आदमापूरच्या बाळूमामांची मेंढरे आपल्या शिवारात उतरावीत म्हणून गावे वाट पाहतात. ही प्रथा जमिनीच्या दृष्टीने मोलाची आहे आणि ती टिकलीच पाहिजे. परंतु एका कळपाने सोडलेल्या रानात लगेच दुसरा कळप उतरला, किंवा गोठ्यातल्या म्हशी, दारातल्या शेळ्या आणि फिरस्ती मेंढरे एकाच ओढ्यावर पाणी प्यायली, तर विष्ठेतून तोंडाकडे जाणारा मार्ग आपोआप खुला होतो. जनावरांच्या बाजारात अनेक गावांची जनावरे एकत्र येतात. पंचगंगेच्या काठाला २०१९ आणि २०२१ च्या महापुरांसारखा पूर आला की गोठ्यांतले शेणपाणी आणि पिण्याचे पाणी यांतली सीमाच पुसली जाते.

या संसर्गावर शेळ्या-मेंढ्यांसाठी लस नाही आणि प्रतिजैविकांचाही विषाणूवर परिणाम होत नाही. करडांना वेळेवर चीक पाजणे, शरीरातले पाणी आणि क्षार भरून काढणे, आजारी पिल्ले वेगळी ठेवणे, नव्याने विकत आणलेले जनावर काही दिवस स्वतंत्र बांधणे आणि लेंड्या झाडून काढल्यावर जमीन व भांडी ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने धुणे, हेच उपाय हाती राहतात.

निदानाची अडचणही लक्षात घ्यायला हवी. सूक्ष्मदर्शकाखाली लेंड्या तपासल्या तर जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले एकपेशीय परजीवी दिसतात, हा विषाणू मात्र दिसत नाही. त्यासाठी विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी आरटी-पीसीआर चाचणी लागते. पुन्हा, निरोगी जनावरातही तो असू शकतो, त्यामुळे केवळ तो सापडला म्हणून हगवणीचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. हगवण आणणाऱ्या रोटाव्हायरस (विषाणू), ई. कोलाय (जिवाणू), क्रिप्टोस्पोरिडियम (परजीवी) आणि पीपीआर यांचीही तपासणी त्याच नमुन्यांवर व्हायला हवी, आणि आजारी पिल्लांबरोबर त्याच कळपातल्या निरोगी पिल्लांचे नमुनेही हगवण सुरू झाल्यावर पहिल्या दिवसांतच, बर्फात ठेवून, पशुवैद्यकांमार्फत प्रयोगशाळेत पाठवले गेले पाहिजेत.