जुन्या रोड सायकलचे पोलाद: ५३१, एसएल आणि स्टिकरामागची जाडी

लिस्बन किंवा स्विंडनहून नातेवाइकांच्या सामानातून आलेली जुनी रोड सायकल म्हापशात किंवा मडगावात कुणी विकायला काढली, की बघणाऱ्याची नजर आधी सीटखालच्या नळीवरच्या स्टिकराकडे जाते. इंग्लिश नळ्यांचे नाव रेनॉल्ड्स ५३१ असेल तर एक किंमत, इटालियन नळ्यांचे कोलंबस असेल तर दुसरी, काहीच नसेल तर भंगाराच्या जवळची. पण स्टिकरावरचे ठळक नाव मुख्यतः पोलादाची जात सांगते. सायकल चालवताना जाणवते ती नळीची जाडी, आणि ती का व कुठे कमी-जास्त ठेवली हे समजायला थोडे मागे जावे लागते.

जुन्या फ्रेमच्या नळ्या लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या पोकळ खोबणीत, बसवून पितळेच्या डाकाने जोडत. पितळ वाहायला सुमारे ९०० अंश सेल्सिअस लागतात. तेवढ्या उष्णतेत लगच्या काठाशी असलेले पोलाद मऊ पडते, आणि चालवताना सगळ्यात जास्त ताणही तिथेच येतो. म्हणून टोकांना नळी जाड हवी. मधल्या भागाला तेवढ्या जाडीची गरज नसते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स घराण्याचा मूळ धंदा खिळ्यांचा. त्यांनी १८९७ मध्ये यावर पेटंट घेतले: बाहेरचा व्यास सरळ एकसारखा, भिंत मात्र आतून टोकांकडे जाड होत जाणारी. हीच बटेड नळी. पुढच्या शंभर वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या चांगल्या पोलादी फ्रेम याच कल्पनेवर उभ्या आहेत. मिश्रधातूंचे आकडे नंतर आले.

५३१ बाजारात आले १९३५ मध्ये. हे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद आहे, क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनम) नव्हे. हा घोळ आजही होतो. त्याचा मोठा गुण म्हणजे पितळेच्या डाकाची उष्णता सोसूनही ताकद बऱ्यापैकी टिकते. ताणबळ, म्हणजे तुटण्याआधी सोसता येणारा ताण, साधारण ७०० ते ९०० मेगापास्कल. त्यामुळे मुख्य नळ्या टोकांना ०.८ आणि मध्ये ०.५ मिमीच्या आसपास ठेवता आल्या. जग्वार ई-टाइप मोटारीची पुढची सांगाडी चौकटही याच नळ्यांची होती. मात्र ५३१ हा आकडा बटेड संचावर होता तसा साध्या, एकाच जाडीच्या नळ्यांवरही होता. काही फ्रेममध्ये फक्त तीन मुख्य नळ्या ५३१ च्या, चिमटा (फोर्क) आणि मागच्या नळ्या (स्टे) साध्या पोलादाच्या. स्टिकरावरची बारीक अक्षरे वाचायची ती यासाठी: त्यात ‘बटेड’ आहे का, आणि फोर्क व स्टे यांचा उल्लेख आहे का.

इटलीत मिलानच्या कोलंबो कारखान्याने कोलंबस नावाने क्रोम-मॉली नळ्या काढल्या. पोलाद तेच ठेवून जाडीप्रमाणे संच वेगळे केले, आणि हा व्यवहार रेनॉल्ड्सच्या नावांपेक्षा कितीतरी स्वच्छ होता. एसएल आणि एसपी ही त्यातल्या दोन संचांची नावे. एसएलच्या खालच्या नळीची जाडी टोकांना ०.९ आणि मध्ये ०.६, एसपीची १.० आणि ०.७. पूर्ण संचाचे वजन एसएलचे सुमारे १.९ किलो, एसपीचे सुमारे २.३. एसपी उंच चालकांसाठी आणि खराब रस्त्यांसाठी. १९८० च्या दशकातल्या एसएलएक्समध्ये बॉटम ब्रॅकेटकडच्या, म्हणजे पायडलांचा आस बसतो तिकडच्या, टोकांना आतून पिळदार कंगोरे आले. ब्रॅकेट काढून टॉर्च मारली तर ते दिसतात, म्हणून एसएलएक्सची खात्री स्टिकराविनाही करता येते. चिमट्याच्या स्टीअरर नळीवर (हँडलकडे वर जाणाऱ्या) कबुतराचा छाप दिसला तर तो कोलंबसचा; इटालियनमध्ये कोलंबो म्हणजे कबुतरच.

‘५३१ लवचीक, एसपी कडक’ असे लोक पोलादाच्या नावावर सांगतात, ते चूक आहे. साधे पोलाद घ्या, ५३१ घ्या किंवा क्रोम-मॉली, सगळ्यांचा ताठरपणाचा अंक सुमारे २०० ते २१० गिगापास्कल, आणि घनताही जवळजवळ एकच. महागडे पोलाद जास्त ताठ नसते, जास्त बळकट असते, आणि बळकट असल्यामुळेच ते पातळ करता येते. २८.६ मिमी व्यासाच्या नळीची भिंत ०.६ वरून ०.७ केली की तेवढ्या भागाचा ताठरपणा सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. जाडी तीच ठेवून व्यास ३१.८ केला तर वाढ सुमारे ३८ टक्के. नंतरच्या काळात नळ्या जाड व्यासाच्या झाल्या त्या यामुळे.

या वाटेचे टोक म्हणजे १९७० च्या दशकातले ७५३. मूळ ५३१ चेच, पण उष्णतासंस्कार करून ताणबळ ११०० मेगापास्कलच्या आसपास नेलेले, आणि भिंत काही संचांत तर ०.३ मिमीपर्यंत. पितळेच्या उष्णतेने तो संस्कार मरतो, म्हणून जोड ६५० अंशांच्या आसपास वितळणाऱ्या चांदीच्या डाकाचाच. कारागिराने नमुन्याचा जोड रेनॉल्ड्सकडे पाठवून पास करून घेतल्याशिवाय त्याला नळ्या मिळत नसत. १९८० ची टूर द फ्रान्स योप झुटेमेल्कने टीआय-रॅले संघातून जिंकली, तो याच पोलादाचा बहराचा काळ. मागचे चाक बसते ती १२६ मिमीची फट नव्या चाकासाठी १३० पर्यंत उघडणे ५३१ किंवा एसएलला चालते. ७५३ कधीही वाकवू नये.

त्या टीआयचा, म्हणजे ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सचा, धागा आपल्यापर्यंतही येतो. रेनॉल्ड्स १९२८ पासून याच ब्रिटिश समूहात होती, आणि त्याच समूहाच्या भागीदारीतून १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स उभी राहिली. मुक्तीनंतरच्या गोव्यात ओळखीच्या झालेल्या हर्क्युलिस आणि बीएसए त्यांच्याच. त्या काळ्या सायकलींची फ्रेम मात्र साध्या कार्बन पोलादाची, जाड भिंतीची. ती पोत्यांचे ओझे वाहण्यासाठी होती, आणि त्या कामाला योग्यच होती.

स्टिकर नसेल किंवा रंग नवा असेल तर सीट पोस्टचा, म्हणजे सीट धरणाऱ्या दांड्याचा, व्यास व्हर्नियरने मोजावा. सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास बहुधा २८.६. वरच्या टोकाची भिंत ०.६ असेल तर दोन्ही बाजू वजा जाऊन २७.४ उरतात, सरकायला ०.२ सोडले की पोस्ट २७.२ ची. एसपीला २७.०. भिंत ०.९ ची असेल तर २६.६, आणि २५.४ ते २६.२ म्हणजे जाड, साधी नळी. फ्रेंच फ्रेममध्ये नळीच २८ मिमीची असते, तिथे हे गणित बदलते. २७.२ दिसले म्हणजे ५३१ च, असेही नाही. भिंत पातळ आहे एवढेच कळते. आणि आधीच्या मालकाने चुकीची पोस्ट घालून क्लॅम्प आवळला असेल, तर भोकाच्या तोंडाशी घेतलेले माप खोटे येते.

गोव्यात यापुढचा प्रश्न गंजाचा. गंजाने ०.१ मिमी खाल्ले तर ०.८ च्या नळीचा आठवा भाग जातो, ०.५ च्या नळीचा पाचवा. मिरामारच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात पाणी सीट पोस्टच्या कडेने आत झिरपते आणि बॉटम ब्रॅकेटच्या कवचात साचते, म्हणून फ्रेम आतूनच कुजते आणि बाहेरून रंग चकचकीत राहतो. विकत घेण्याआधी पोस्ट काढून फ्रेम उलटी धरावी. लालसर भुगा थोडा पडला तर चालेल; पापुद्रे पडले तर फ्रेम सोडून द्यावी. खालच्या नळीवर हेड ट्यूबच्या लगमागे बोट फिरवावे. रंगाला सुरकुती लागली तर पुढून धडक बसलेली आहे. चेनच्या बाजूची मागची नळी ब्रॅकेटजवळ आणि सीट लगची कड, या दोन्ही ठिकाणी केसाएवढी चीर शोधावी.

मेच्या अखेरीस ब्रॅकेट उतरवून नळ्यांत ४०-५० मिली उकळलेले (‘बॉइल्ड’) जवसाचे तेल ओतावे, फ्रेम सर्व बाजूंनी फिरवावी, जास्तीचे निथळू द्यावे आणि तीन-चार दिवस वाळू द्यावे. तेलाने भिजलेली फडकी पसरून वाळवावीत, गोळा करून टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. कवचाच्या तळाला पाण्याची वाट नसेल तर ४ मिमीचे एक भोक पुरते. फाटके बनवणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडे पातळ नळी देऊ नये: आर्कने ०.५ ची भिंत क्षणात भोक पडून जाते. जोड उघडलाच असेल तर गॅस, टाकणखार आणि पितळ किंवा चांदी वापरणारा, दागिन्यांच्या नाहीतर तांब्याच्या नळ्यांच्या कामाचा सराव असलेला हात शोधावा, आणि त्याला आधी सांगावे की नळी लाल होण्यापुढे नेऊ नकोस.