कर्नाकचे मंदिर आणि लक्सरचे मंदिर: एकाच देवाच्या दोन वास्तूंमधला फरक

लक्सर ते अस्वान असा नाईल नदीवरचा क्रूझ-प्रवास ज्या सहलींत असतो, त्या सहलींत पहिल्या किंवा शेवटच्या दिवशी प्रवाशांना लक्सर शहरातली दोन मोठी मंदिरे दाखवली जातात. एक कर्नाकचे आणि दुसरे लक्सरचे. दोन्ही नदीच्या पूर्व तीरावर आहेत, दोन्हींमध्ये जेमतेम तीन किलोमीटरचे अंतर आहे आणि दोन्ही अमुन या एकाच देवाची आहेत. दोन्हीकडे उंच महाद्वार, दगडी ओबेलिस्क (वर निमुळते होत जाणारे उंच चौकोनी स्तंभ), रामसेस दुसरा या राजाचे पुतळे आणि कमळ किंवा पपायरस या पाणवनस्पतीच्या आकाराचे खांब दिसतात. बहुतेक सहलींत ही दोन्ही मंदिरे एकाच दिवशी पाहून होतात, त्यामुळे बोट एस्ना इथल्या जलपाशातून (बोटींना एका पाणीपातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दरवाजांतून) पुढे सरकेपर्यंत पुष्कळ प्रवाशांच्या मनात आणि मोबाइलमधल्या छायाचित्रांत त्यांची सरमिसळ झालेली असते. ही सरमिसळ टाळावी असे मला मनापासून वाटते, कारण ही दोन मंदिरे वेगवेगळ्या कामांसाठी बांधलेली होती आणि ते काम कळले की दोन्हींची रचना आपोआप उलगडत जाते.

थोडक्यात सांगायचे तर कर्नाक हे अमुन देवाचे कायमचे घर होते आणि लक्सर हे वर्षातून एकदा तो देव जिथे समारंभाने जात असे ते स्थान. नाईलला पूर येण्याच्या ऋतूत, त्या ऋतूच्या दुसऱ्या महिन्यात, ओपेत नावाचा उत्सव भरत असे. अमुन, त्याची पत्नी मुत आणि पुत्र खोन्सू यांच्या मूर्ती लाकडी नौकांवरच्या झाकलेल्या मखरांत ठेवल्या जात आणि पुजारी त्या नौका खांद्यावर घेऊन कर्नाकहून निघत. आपल्याकडच्या पालखीशी याचे साम्य चटकन जाणवते, मात्र इजिप्तमध्ये मूर्ती पडद्याआड असे आणि वाटेवर जमलेल्या लोकांना नौकेचेच दर्शन घडे. थुतमोस तिसरा याच्या काळात हा उत्सव अकरा दिवस चाले. पुढे रामसेस तिसरा याच्या काळापर्यंत तो तीन आठवड्यांहूनही लांबला. लक्सरला पोहोचल्यावर राजा देवासमोर गाभाऱ्यात जाई आणि तिथल्या विधींनी त्याचे राजेपण, म्हणजे त्याच्यातला दैवी अंश, नव्याने प्रस्थापित झाला असे मानले जाई. म्हणूनच कर्नाकमध्ये देवाच्या वैभवाचा पसारा दिसतो, तर लक्सरमध्ये पदोपदी राजाचा संबंध जाणवतो.

आता कर्नाकविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण गोंधळ मुख्यतः तिथेच सुरू होतो. कर्नाक हे एकच मंदिर नसून मंदिरांचा समूह आहे. इसवी सनापूर्वी विसाव्या शतकातल्या सेनुस्रेत पहिला याच्यापासून ते टॉलेमी या ग्रीक राजघराण्याच्या आणि रोमनांच्या राजवटीपर्यंत, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे, तिथे बांधकाम, पाडकाम आणि पुन्हा बांधकाम चालूच राहिले. प्रत्येक राजाला देवाच्या घराला आपलाही हात लागावा असे वाटे आणि जागा नसेल तर आधीच्या राजाचे बांधकाम उतरवून त्याचे दगड नव्या भिंतीच्या पोटात भरले जात. यामुळे एकंदर दहा महाद्वारे उभी राहिली. त्यांतली सहा पूर्व-पश्चिम दिशेने एकामागे एक येतात आणि उरलेली चार दक्षिणेकडे, मुत देवीच्या मंदिराच्या दिशेने जातात. गाईड ज्यांना ‘पायलॉन’ म्हणतात ती हीच महाद्वारे. प्रवासी पश्चिमेकडून ज्या पहिल्या पायलॉनमधून आत शिरतात, तो सगळ्यांत पुढे असला तरी वयाने बहुधा सर्वांत लहान आहे. तो नेक्तानेबो पहिला याच्या काळातला, म्हणजे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला मानला जातो. कर्नाकमध्ये जसजसे आत जावे तसतसे आपण साधारणपणे मागच्या काळात जात असतो, ही गोष्ट गाईडने दारातच सांगितली तर पुढचे सगळे सोपे होते.

या पहिल्या पायलॉनकडे जरा थांबून पाहावे. त्याची रुंदी ११३ मीटर आहे, पण त्याच्यावर ना चित्रलिपी आहे ना युद्धाचे प्रसंग. दगडांचे पृष्ठभाग तासायचे राहून गेले आहेत आणि दोन्ही बाजूंची उंचीही सारखी नाही. तो अपुरा राहिला. आत शिरून उजवीकडे वळून मागे पाहिले तर दक्षिणेकडच्या बुरुजाला टेकलेला कच्च्या विटांचा एक ढीग दिसतो. पुष्कळ लोक त्याला मातीचा ढिगारा समजून पुढे जातात. प्रत्यक्षात तो बांधकामासाठी उभारलेल्या उताराचा उरलेला भाग आहे. अशाच उतारांवरून दगड वर चढवले जात आणि काम पूर्ण झाल्यावर उतार काढून टाकला जाई. इथे काम पूर्णच झाले नाही म्हणून तो राहिला. इजिप्शियन लोकांनी एवढे मोठे दगड वर कसे नेले हा प्रश्न सहलीतल्या प्रत्येक गटात विचारला जातो आणि त्याच्या उत्तराचा एक तुकडा समोर असूनही त्याच्याकडे पाठ केली जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

दुसऱ्या पायलॉनच्या पलीकडे कर्नाकचा प्रसिद्ध स्तंभमंडप आहे. त्यात १३४ खांब आहेत. मधल्या दोन रांगांतले बारा खांब सुमारे २१ मीटर उंच असून त्यांची शीर्षे उमललेल्या पपायरसच्या फुलासारखी आहेत. दोन्ही बाजूंचे १२२ खांब त्यांच्यापेक्षा बुटके आहेत आणि त्यांची शीर्षे कळीसारखी मिटलेली आहेत. उंचीतल्या या फरकामुळे मधे जी पोकळी उरली तिच्यात दगडी जाळ्यांच्या खिडक्या बसवून उजेड आत घेतला होता. त्यांतल्या काही जाळ्या अजून जागेवर आहेत. मंडपाच्या उत्तर भागातले कोरीवकाम सेती पहिला याचे आहे आणि ते पृष्ठभागातून उठावदार बाहेर येते. दक्षिण भागातले बरेचसे काम त्याचा मुलगा रामसेस दुसरा याच्या काळातले आहे आणि ते दगडात खोल खोदलेले आहे. मध्यावर उभे राहून आधी डावीकडची आणि मग उजवीकडची भिंत पाहिली तर बाप-लेकांच्या कारागिरीतला हा फरक कोणालाही कळतो. १८९९ मध्ये यातले अकरा खांब कोसळले होते आणि जॉर्ज लेग्रां या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली ते पुन्हा उभे करण्यात आले. याच लेग्रांला १९०३ पासून सातव्या पायलॉनसमोरच्या अंगणात पुरून ठेवलेल्या शेकडो दगडी आणि हजारो ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. देवाला वाहिलेल्या वस्तू फेकून देता येत नसत, म्हणून जागा कमी पडल्यावर पुजाऱ्यांनी त्या देवाच्याच आवारात पुरल्या होत्या.

हातशेपसूत या राणीचा सुमारे साडेएकोणतीस मीटर उंचीचा ओबेलिस्क पुढच्या भागात अजून उभा आहे. त्याचा जोडीदार कोसळला असून त्याचे टोक पवित्र तलावाजवळ आडवे ठेवले आहे. उभ्या ओबेलिस्कच्या टोकावरचे कोरीवकाम खालून दिसत नाही, ते इथे हाताच्या अंतरावरून पाहता येते. तलाव हीसुद्धा कर्नाकची खूण आहे. लक्सरच्या मंदिरात आज असा तलाव दिसत नाही.

लक्सरचे मंदिर आटोपशीर आहे. त्याची लांबी सुमारे २६० मीटर असून मुख्यतः दोनच राजांनी ते घडवले: आतला भाग आमेनहोतेप तिसरा याने इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात बांधला आणि पुढचे महाद्वार व पहिले अंगण शंभरेक वर्षांनी रामसेस दुसरा याने जोडले. कर्नाक चारी अंगांनी वाढत गेले, लक्सर मात्र एका सरळ वाटेसारखे आहे. पण ही वाट पूर्ण सरळही नाही. रामसेसचे अंगण आमेनहोतेपच्या इमारतीशी एका रेषेत नसून किंचित तिरके आहे, कारण पुढच्या बांधकामाला कर्नाककडून येणाऱ्या मिरवणुकीच्या रस्त्याशी आणि तिथे आधीच असलेल्या, नौका टेकवायच्या जुन्या देवळीशी जुळवून घ्यावे लागले. म्हणजे लक्सरच्या नकाशातला हा बाकसुद्धा कर्नाकमुळेच आला आहे.

लक्सरच्या पायलॉनवर कादेशच्या लढाईचे, म्हणजे रामसेस दुसरा याच्या हित्ती लोकांशी झालेल्या लढाईचे, प्रसंग कोरलेले आहेत. समोर रामसेसचे बसलेले भव्य पुतळे आहेत आणि एकच ओबेलिस्क आहे. पूर्वी इथे दोन होते. इजिप्तचा तेव्हाचा शासक मुहम्मद अली याने पश्चिमेकडचा ओबेलिस्क फ्रान्सला भेट दिला आणि ऑक्टोबर १८३६ मध्ये तो पॅरिसच्या प्लास द ला काँकोर्द या चौकात उभा करण्यात आला. याची एक साक्ष मंदिरातच आहे. रामसेसच्या अंगणात शिरून नैऋत्य कोपऱ्यातल्या भिंतीकडे गेले की तिथे खुद्द या महाद्वाराचेच चित्र कोरलेले दिसते: दोन बुरुज, त्यांच्यासमोर पताकांच्या काठ्या, पुतळे आणि दोन ओबेलिस्क. त्याच्याकडे रामसेसचे राजपुत्र रांगेने चालत येत आहेत आणि मागे सजवलेले, पुष्ट बैल आणले जात आहेत. बाहेर आता जे अर्धे उरले आहे ते इथे पूर्ण दिसते, म्हणून गटाच्या मागे राहण्याची वेळ आली तरी ही भिंत चुकवू नये.

अंगणापलीकडे चौदा उंच खांबांची दुहेरी रांग आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ओपेत उत्सवाची मिरवणूकच कोरलेली आहे. हे कोरीवकाम तुतनखामुन या राजाच्या काळातले आहे. पुढे होरेमहेब या राजाने त्याचे नाव खोडून स्वतःचे घातले. पश्चिमेकडच्या भिंतीवर कर्नाकहून लक्सरला येणारी मिरवणूक आहे आणि पूर्वेकडच्या भिंतीवर परतीची. भिंतीजवळ जाऊन पाहिले तर दोर खांद्यावर घेऊन नदीतल्या नौका काठावरून ओढणारी माणसे, सैनिक, वाद्ये वाजवणारे आणि मागे कमान टाकून नाचणाऱ्या स्त्रिया ओळखता येतात. वरचे दगड नाहीसे झाल्याने माणसांची डोकी काही ठिकाणी राहिलेली नाहीत. तरी दोन मंदिरांमधले नाते इतके स्पष्ट मांडणारा पुरावा दुसरा नाही.

आणखी आत गेल्यावर लक्सरचे निराळेपण अधिक ठळक होते. एका दालनात अमुन देवाच्या कृपेने आमेनहोतेपचा जन्म कसा झाला याची कथा कोरलेली आहे; राजा देवाचा पुत्र आहे हे सांगण्याची ही जागा होती. नौका ठेवण्याची खोली अलेक्झांडरच्या नावाने नव्याने बांधली गेली आणि तिच्या भिंतींवर हा मॅसेडोनियाचा विजेता फॅरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, वेषात अमुनसमोर उभा आहे. कर्नाकच्या गाभाऱ्यातली गुलाबी ग्रॅनाइटची खोली मात्र त्याचा सावत्र भाऊ फिलिप अर्‍हिडियस याच्या नावाची आहे. इसवी सन ३०० च्या सुमारास रोमन सैन्याने लक्सरच्या मंदिराभोवती छावणी उभारली आणि एका दालनात जुन्या कोरीवकामावर गिलावा देऊन सम्राटांची चित्रे रंगवली. गिलाव्याची खपली निघालेल्या जागी त्याखालचे इजिप्शियन देव डोकावतात. रामसेसच्या अंगणावर तेराव्या शतकापासून अबू हग्गाग या सूफी संताची मशीद आहे. तिचे जुने दार आजच्या जमिनीपासून कितीतरी मीटर उंचावर अधांतरी दिसते, कारण मशीद बांधली तेव्हा मंदिर त्या पातळीपर्यंत मातीत बुडालेले होते. १८८० च्या दशकात गास्ताँ मास्पेरो या फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी मंदिर मोकळे करायला सुरुवात केली, पण मशीद राहिली आणि तिथे आजही नमाज होतो. उपासना जिथे आजही चालू आहे अशी जागा या दोहोंपैकी लक्सरच आहे.

छायाचित्रांतून ओळखायचे असेल तर सर्वांत सोपी खूण स्फिंक्सची, म्हणजे सिंहाच्या धडाच्या दगडी मूर्तींची, आहे. कर्नाकच्या पश्चिम दारासमोरच्या स्फिंक्सना मेंढ्याचे डोके आहे आणि त्यांच्या पुढच्या पायांमध्ये राजाची लहान मूर्ती आहे. लक्सरच्या दारापासून निघणाऱ्या रस्त्यावरच्या स्फिंक्सना माणसाचे, म्हणजे नेक्तानेबो पहिला याचे, तोंड आहे. सुमारे २.७ किलोमीटरचा हा रस्ता घरे-दुकानांखाली गाडला गेला होता. अनेक वर्षांच्या उत्खननानंतर २५ नोव्हेंबर २०२१ रोजी तो समारंभपूर्वक खुला झाला. दोन मंदिरे एका रस्त्याने जोडलेली आहेत हे आता डोळ्यांनी दिसते, आणि ज्यांचे पाय साथ देतात त्यांनी त्यातला थोडा तरी भाग चालावा.

क्रम निवडण्याची मुभा असेल तर कर्नाक आधी आणि सकाळी लवकर पाहावे. तिथे सावली थोडी आणि चालणे पुष्कळ आहे, आणि उन्हाळी महिन्यांत सकाळी दहानंतर मोकळ्या अंगणांत उभे राहणे ज्येष्ठांना झेपत नाही. लक्सर बोटींच्या धक्क्यांपासून जवळ आहे आणि संध्याकाळी दिवे लागल्यावरही उघडे असते. तिरप्या प्रकाशात खोदीव चित्रांच्या कडा उठून दिसतात, त्यामुळे ओपेतची मिरवणूक दुपारपेक्षा तेव्हा अधिक नीट वाचता येते. गटाला कर्नाकसाठी तासाभराचाच वेळ मिळाला, तर दुकानांपाशी किंवा तलावाकाठच्या मोठ्या दगडी भुंग्याभोवती तो घालवू नये. विटांचा उतार, स्तंभमंडप आणि आडवे पडलेले ओबेलिस्कचे टोक या तीन जागा आधी पाहून घ्याव्यात.