धर्माचा रकाना आणि 'नाही' हे उत्तर

जगात धर्मच नसता तर काय झाले असते, हा गप्पांना छान विषय आहे. दंगली झाल्या नसत्या असे एक जण म्हणतो, मग वेरूळही झाले नसते असे दुसरा म्हणतो, आणि चहा संपतो तेव्हा दोघेही आपापल्या जागी असतात. त्या वादाचा निकाल इथे मिळणार नाही. 'धर्म' असे छापलेल्या रकान्यापुढे 'नाही' लिहिण्याची वाट आपल्याकडे कोणी पाडली आणि कशासाठी, एवढेच इथे पाहायचे आहे. ती पाडणारे बहुतेक वेळा देव मानणारे लोक होते, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्या राज्यांनी धर्म वरून पुसायला घेतला त्यांची उदाहरणे अशा वादात हमखास येतात, म्हणून ती आधी उरकू. सोव्हिएत रशियाने 1929 ते 1940 या काळात सात दिवसांचा आठवडाच मोडून पाहिला. कारखाने अखंड चालावेत हा एक हेतू, आणि रविवार गेला की चर्च ओस पडेल हा दुसरा. 1937 च्या जनगणनेत धर्माचा प्रश्न विचारला, तर सोळा वर्षांवरच्या निम्म्याहून अधिक लोकांनी आम्ही श्रद्धाळू आहोत असे सांगून टाकले. ती जनगणना दडपली गेली आणि ती घेणारे अधिकारी तुरुंगात गेले. अल्बानियात 1967 मध्ये मशिदी आणि चर्च एकजात बंद झाली, 1976 च्या राज्यघटनेत राज्य कोणताही धर्म मानत नाही असे कलम आले आणि 1990 मध्ये सगळे गुंडाळले गेले. तिकडे हुकूम होता. आपल्याकडे माणूस म्हणत होता, मला यातून वगळा. आणि सरकार विचारत होते, वगळून घालू कुठल्या खान्यात?

चार्वाकापासून सुरुवात करण्याची प्रथा आहे, ती मोडतो. एकोणिसाव्या शतकातले मराठी सुधारकही धर्माशिवायचे जग फारसे रंगवत नव्हते. 1873 मध्ये पुण्यात सत्यशोधकांनी भटजीशिवाय लग्ने लावली तेव्हा मंगलाष्टके गेली नाहीत, नवी रचली गेली. 1891 साली, लेखकाच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' या पुस्तकात एका घराचे चित्र आहे: बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात गुण्यागोविंदाने नांदतात. त्या घरात धर्म चार आहेत, शून्य नाही. शून्याच्या जवळ गेले ते 'सुधारक' पत्राचे संपादक, आणि त्यांची प्रेतयात्रा पुणेकरांनी ते जिवंत असतानाच काढली. पण या सगळ्यांत सरकारी कागद कुठेच नव्हता.

कागद आला तो बंगालमधून. ब्राह्मो मंडळी एकच ईश्वर मानत, मूर्ती मानत नसत. त्यांनी आपल्या पद्धतीने लग्ने लावली, पण ती कायद्याने टिकतील का याची शाश्वती नव्हती. म्हणून त्यांच्या एका गटाने स्वतंत्र कायदा मागितला. दुसऱ्या गटाने लगेच हरकत घेतली: आम्ही हिंदूच आहोत, आमच्या नावाने असला कायदा नको. सरकारने यातून जो मार्ग काढला तो फार चमत्कारिक होता. 1872 च्या विशेष विवाह कायद्यात ब्राह्मो हा शब्दच ठेवला नाही. त्याऐवजी वधूवरांनी लिहून द्यायचे की मी ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख वा जैन धर्म मानत नाही. मी काय आहे, हे सांगायची सोय कागदावर नव्हती. काय नाही, त्याची आठ नावांची यादी तेवढी होती. हिंदुस्थानात सरकारदरबारी सही करून धर्म नाकारण्याचा पहिला रुळलेला नमुना तो हा, आणि त्याखाली सह्या केल्या त्या रोज प्रार्थना करणाऱ्यांनी. (या कायद्यात मुलीचे किमान वय चौदा ठेवले होते. त्यासाठी सर्वांत जास्त झटलेल्या नेत्याने सहाच वर्षांनी आपली चौदा न भरलेली मुलगी कूचबिहारच्या राजाला दिली. त्यावरून ब्राह्मो समाज पुन्हा फुटला, पण तो वेगळा विषय.)

पुढची पन्नास वर्षे दोन वेगळ्या जातींच्या हिंदूंना रजिस्टर लग्न करायचे तर 'मी हिंदू नाही' असे लिहून द्यावे लागे. घरी देव्हारा आणि कचेरीत हे प्रतिज्ञापत्र. हे बदलण्याचे प्रयत्न 1911 आणि 1918 मध्ये फसले. 1923 मध्ये दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापसात धर्म न सोडता लग्न करता येऊ लागले. मात्र त्यात एक मेख होती. असे लग्न करणारा एकत्र कुटुंबातून आपोआप बाहेर पडे, त्याला दत्तक घेण्याचा हक्क राहत नसे, आणि बापाला दुसरा मुलगा नसेल तर त्याला नवा दत्तक घेता यावा अशी तरतूद होती. म्हणजे मुलगा जिवंत, पण कायद्याच्या लेखी त्याची जागा रिकामी. घटस्फोट घेतला असता तरी बाप बापच राहिला असता; इथे लग्न केल्यामुळे बापाला मुलगा बदलून मिळत होता.

1954 च्या नव्या विशेष विवाह कायद्याने धर्म नाकारण्याची अट पूर्ण काढली. नोटीस बोर्डावर तीस दिवस लावायची प्रथा मात्र राहिली, आणि तिच्यावर अजून भांडण चालू आहे. मालमत्तेचे काय? तर या कायद्याखाली लग्न केलेल्यांना भारतीय वारसा कायदा लागू झाला, म्हणजे धर्माच्या बाहेरचा. कित्येक जोडपी केवळ त्यासाठी या वाटेने गेली. 1976 मध्ये ती फटही बुजवली: नवरा-बायको दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर पुन्हा हिंदू वारसा कायदाच. जन्माने हिंदू असलेल्या दोन पक्क्या नास्तिकांनी हार-तुऱ्यांशिवाय, तीन साक्षीदारांत लग्न केले तरी त्यांच्या फ्लॅटची वाटणी हिंदू म्हणूनच होते.

खरी ग्यानबाची मेख तर 1955-56 च्या हिंदू कायद्यांच्या व्याख्येत आहे. हे कायदे कोणाला लागू? हिंदूंना, बौद्ध-जैन-शिखांना, आणि जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही अशा इतर कोणालाही. आपल्याला हिंदू कायदा कधीच लागू नव्हता असे सिद्ध केले तरच सुटका. म्हणजे 'मला धर्म नाही' असे म्हणणारा कायद्याच्या चाळणीतून खाली पडतो तो थेट हिंदूंच्या टोपलीत. नास्तिक मंडळींच्या बैठकांत यावर फारसे कोणी बोलत नाही, आणि मला ते खटकते. गोव्यात हा पेच बराच सैल आहे, कारण तिथला वारसाहक्क पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आणि बहुतांशी सर्वधर्मीयांना सारखा आहे. तिथल्या नास्तिकाला निदान वाटणीसाठी धर्म लागत नाही.

आता शब्दाकडे येऊ, कारण मराठीत अर्धा घोळ शब्दाने घातला आहे. स्वातंत्र्यानंतर वर्तमानपत्रांनी 'सेक्युलर' साठी 'निधर्मी' वापरला आणि तो शिवीसारखा चिकटला. निधर्मी राज्य म्हणजे धर्म बुडवणारे राज्य, असा अर्थ सभांतून सांगायला तो फार सोयीचा होता. मग 'इहवादी' आला, तो विद्यापीठाबाहेर फिरकला नाही. 'सर्वधर्मसमभाव' आला, त्याचा अर्थ वेगळाच. त्यात धर्म नसलेल्याला जागाच नाही. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 1976 मध्ये सरनाम्यात शब्द घातला तेव्हा हिंदीत तो 'पंथनिरपेक्ष' झाला आणि मराठीत 'धर्मनिरपेक्ष'. आपल्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर तोच आहे. हिंदीवाल्यांनी 'धर्म' हा शब्द टाळला त्यामागे युक्तिवाद होता: धर्म म्हणजे कर्तव्य, त्यापासून निरपेक्ष कसे राहणार?

युक्तिवाद सोयीचा आहे, पण खोटा नाही. मराठीत शेजारधर्म असतो, दानधर्म असतो, सातवीच्या विज्ञानात पदार्थाचे गुणधर्म असतात. धर्माशिवायच्या जगात पाणी वाहायचे थांबेल काय, असा टोमणा मी अनेकदा ऐकला आहे. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेलासुद्धा महाराष्ट्रात नोंदणीला, हिशेब द्यायला धर्मादाय आयुक्तांच्याच दारात जावे लागते. पण रकान्यातला 'धर्म' हा शेजारधर्मातला धर्म नव्हे. रकान्यात इंग्रजांनी शिरगणतीसाठी आणलेला अर्थ आहे: तुझी गणना कोणात? ज्यांना 'नाही' लिहायचे असते ते पाण्याचा गुणधर्म नाकारत नसतात. ते गणना नाकारतात. हा फरक चाळीस वर्षे वादातून गायब आहे, आणि टोमणा मारणाऱ्यांइतकाच दोष मी 'निधर्मी' हा शब्द मिरवणाऱ्यांनाही देईन.

या शब्दाचा कस न्यायालयात लागला तो 2014 मध्ये. चर्नी रोडच्या सरकारी मुद्रणालयातून राजपत्र निघते, त्यात लोक नाव, जन्मतारीख आणि धर्म यांतले बदल छापून घेतात. अर्जात जुना धर्म आणि नवा धर्म विचारतात. काही जणांनी जुना धर्म 'ख्रिश्चन' लिहिला आणि नव्याच्या जागी 'कोणताही नाही'. मुद्रणालयाने अर्ज परत केला. हे अर्जदार बुद्धिवादी नव्हते. चार हजारांहून अधिक सदस्य असलेल्या एका नोंदणीकृत संस्थेचे ते लोक होते. येशूवर त्यांची पूर्ण श्रद्धा होती, फक्त येशूला धर्म स्थापायचाच नव्हता असे त्यांचे म्हणणे होते. ते जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. सरकारने बाजू मांडली की 'धर्म नाही' हा काही धर्माचा प्रकार होऊ शकत नाही. तर्क म्हणून तो बिनचूक आहे. रकान्याला उत्तर हवे, आणि 'उत्तर नाही' हे उत्तर नव्हे.

सप्टेंबर 2014 मध्ये खंडपीठाने तो फेटाळला. घटनेच्या पंचविसाव्या कलमातले सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य म्हणजे कुठलाही धर्म न मानण्याचे आणि तसे उघड सांगण्याचेही स्वातंत्र्य. कोणत्याही अर्जात किंवा घोषणापत्रात धर्म लिहाच अशी सक्ती सरकारी यंत्रणेला करता येणार नाही. आज महाराष्ट्रातला प्रत्येक नास्तिक शाळेत, तहसीलीत हाच निकाल दाखवतो. दीडशे वर्षांपूर्वी एकेश्वरवाद्यांनी दार उघडले, या वेळी येशूच्या भक्तांनी. नास्तिक दोन्ही वेळा मागून आत आले. त्यात कमीपणा नाही, पण आपल्या इतिहासात ते हे सांगत नाहीत.

निकाल कागदावर आणि संगणक आपल्या जागी. आमच्याच नात्यातल्या एका मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाला मी बरोबर होतो. आईने रकान्यावर रेघ मारली होती. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पाहिला, स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "ताई, हे बघा, लाल चांदणी आहे ना, तिथं काही निवडल्याशिवाय पुढं जातच नाही. सध्या हिंदू टाकते, मग तुम्ही बघा काय ते." बाई चांगल्या होत्या, मागे रांग होती. ते 'सध्या' जनरल रजिस्टरात उतरले, आणि तिथून ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येणार. 2019 मध्ये तमिळनाडूतल्या तिरुपत्तूरच्या एका वकील बाईंनी 'जात नाही, धर्म नाही' असा दाखला तहसीलदाराकडून मिळवला, तोही अनेक वर्षे खेटे घातल्यावर. केरळातल्या, मुस्लिम कुटुंबात जन्मलेल्या आणि श्रद्धा सोडलेल्या एका बाईंची याचिका 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला घेतली. तिथे प्रश्न पुन्हा वारशाचाच आहे: जो धर्म मानत नाही त्याच्या नियमाने माझी वाटणी का?

जातीचा धागा इथे येतोच. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशानुसार हिंदू (1956 पासून शीख, 1990 पासून बौद्ध) याखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा धरले जात नाही. 'अन्य धर्म' मानणारा. धर्मच न मानणाऱ्याविषयी त्या वाक्यात अक्षर नाही. सवर्ण घरातल्या मुलाने 'धर्म नाही' लिहिले तर फार तर खिडकीतली बाई वैतागते. दलित मुलाच्या बापाला मात्र हात आखडता घ्यावा लागतो, कारण जातपडताळणी समितीपुढे उभे राहायचे असते. 1956 साली नागपुरात ज्यांनी धर्म सोडला त्यांनी रकाना रिकामा ठेवला नाही, दुसरा धर्म लिहिला. आणि माणसाला धर्म हवाच, असे त्यांचे नेते स्पष्टपणे मांडत होते. धर्माशिवायच्या जगाची चर्चा महाराष्ट्रात सवर्ण दिवाणखान्यात जास्त रमते ती यामुळे.

2011 च्या जनगणनेत सहा धर्मांना ठरलेले सांकेतिक अंक होते, बाकीच्यांचे नाव अक्षरात लिहायचे होते. 'धर्म सांगितला नाही' या खात्यात देशभरात 28 लाखांहून अधिक माणसे निघाली. त्यात नाकारणारे किती, गणकाने विचारलेच नाही असे किती, हे वेगळे काढता येत नाही. स्वतःला नास्तिक असे नोंदवून घेणारे देशभरात सुमारे 33 हजार, आणि त्यांतले साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 ठरला आहे. या वेळी गणक मोबाइलवर माहिती भरणार आहेत आणि धर्मासोबत प्रत्येकाची जातही विचारणार आहेत.