हुतात्मा बाग: किल्ल्याच्या ओलीवर वाढलेली सावली

सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांचा. अशा दुपारी शहराच्या मध्यात सावली शोधायची तर पावलं किल्ल्याकडे वळतात, तटालगतच्या हुतात्मा बागेकडे. इथली झाडं उन्हाळ्यात तग धरतात, त्याचं श्रेय आधी पाण्याला द्यायला हवं.

भुईकोट किल्ला बहामनी काळातला. सपाटीवरच्या किल्ल्याला डोंगराचा आधार नाही, म्हणून पूर्वेला सिद्धेश्वर तलाव आणि उरलेल्या बाजूंना शंभर ते दीडशे फूट रुंद खंदक. तलावाचं नातं बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेनं किल्ला घेतला. पुढं किल्ल्याचं लढाऊ महत्त्व सरलं, तलाव मात्र राहिला. त्याचं झिरपणारं पाणी आजूबाजूच्या जमिनीत ओल धरून ठेवतं.

बागेच्या नावामागंही झाडांचीच एक घटना आहे. ८ मे १९३० रोजी दारूबंदीसाठी रूपाभवानी परिसरातली शिंदीची झाडं तोडायला लोक गेले. अटका झाल्या, जमाव अडला, गोळीबार झाला. त्यानंतर शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. या बागेत फिरणाऱ्या प्रत्येक मुलाला ही चार नावं पाठ असावीत.

तलावापासून दूर, रस्त्याकडेला झाड जगवणं हे वेगळंच काम. तिथं गाठ काळ्या मातीशी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि बारीक मुळं तटातट तुटतात. म्हणून खड्डा किमान तीन फूट लांब, रुंद आणि खोल हवा; तळाशी मुरमाचा थर, वर पोयटा आणि कुजलेलं शेणखत. ताजं शेण घातलं तर उष्णतेनं मुळं करपतात. रोप कंबरेएवढं, काठीला सैल बांधलेलं. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा, सावकाश पाणी. टँकरच्या नळीनं भसकन ओतलेलं पाणी भेगांतून थेट खाली जातं. आळ्यात पालापाचोळा अंथरला की ओल टिकते.

झाड निवडताना कडुनिंब, करंज, चिंच, वड यांना तोड नाही. गुलमोहर लवकर वाढतो, दिसतोही देखणा, पण मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ. मे महिन्यातल्या वळवात आधी तोच आडवा होतो.

मोठ्या झाडांचा घात मात्र बहुतेकदा पेव्हर ब्लॉक करतात. बुंध्याला भिडवून सिमेंट ओतलं की पाणी आत जात नाही, साल दबते, वरच्या फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात. तोवर निम्मी मुळं गेलेली असतात. बुंध्याभोवती चारही बाजूंनी निदान तीन फूट माती उघडी ठेवली, तर झाड वाचतं.